संगणक सुरू का होईना?

प्रवरेच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे, त्या घरांतील मुलांना ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. उसाच्या सरीत पाणी येईनासे झाले, म्हणजे पाणी धरणारा माणूस सरीतच कुदळ मारीत बसत नाही. तो पाटाच्या कडेने वर चालू लागतो. आपल्या शेताच्या तोंडाशी पाणी आहे काय, हे तो आधी पाहतो. तेथे नसेल, तर चारीवर जातो. चारी कोरडी असेल, तर थेट कालव्यापर्यंत जातो. ज्या ठिकाणी वरच्या अंगाला पाणी आहे आणि खालच्या अंगाला नाही, त्याच ठिकाणी खोड असते. कोठे काठ फुटलेला असतो, कोठे गवत आणि गाळ अडकलेला असतो, तर कोठे वरच्या शेतकऱ्याने पाणी हळूच आपल्याकडे वळवून घेतलेले असते! भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यापासून डाव्या व उजव्या कालव्याने खाली येते. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ सालापासून ज्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे त्या जिल्ह्याच्या, उत्तर भागातील शेतकरी अशा रीतीने पाण्याचा माग काढण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज आहेत.

विजेवर चालणारे यंत्र बंद पडले, म्हणजे मात्र हीच माणसे गोंधळून जातात. कळ दाबूनही संगणकाचा दिवा लागला नाही, की “जळाला!” असे म्हणून मोकळे व्हावयाचे, नाही तर त्याला दोन चापट्या मारून पाहावयाच्या, अशी आपली रीत. वास्तविक वीजही एका ठराविक वाटेने येते, आणि त्या वाटेच्या कडेनेही आपल्याला चालत जाता येते. काही वर्षांपूर्वी कालव्याकाठच्या एका गावी मी शिक्षक असताना असा प्रसंग आला होता. तो येथे सांगतो. म्हणजे ती वाट तुमच्याही परिचयाची होईल.

कार्तिक महिना होता. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज संगणकावरून भरून पाठवावयाचे होते आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. शाळेत संगणक एकुलता एक. अशात एके दिवशी सायंकाळी अवकाळी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकाची कळ दाबली, तो संगणक ढिम्म! ना दिवा, ना पंख्याचा आवाज. आदल्या सायंकाळी त्या खोलीत शेवटपर्यंत थांबलेला विद्यार्थी आठवीच्या वर्गातला होता. “त्यानेच काही तरी केले असणार,” असे कोणी तरी बोलले, आणि पाहता पाहता सारा वर्ग तसेच म्हणू लागला. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला.

मी त्याला जवळ बोलावले आणि म्हणालो, “काल काय काय झाले, ते क्रमाने सांग. काही गाळू नकोस.”

“गुरुजी, पत्र्यातून पाणी गळू लागले. ते संगणकाच्या टेबलावर पडत होते. म्हणून आम्ही दोघांनी सगळ्या वायरी काढल्या, पेटी उचलून त्या कोपऱ्यात नेली आणि वायरी परत होत्या तशा लावल्या. तेवढ्यात लाईट गेली.”

“तेव्हा यूपीएस वाजला का?”

“नाही गुरुजी. त्याचा दिवासुद्धा लगेच विझला.”

त्या मुलाच्या चार वाक्यांत जवळजवळ सर्व उत्तर होते. परंतु ते मला त्या वेळी कळले नाही, हे कबूल केले पाहिजे.

पहिला प्रश्न पाण्याचा. यंत्रात पाणी शिरल्याची नुसती शंका असली, तरी कळ दाबावयाची नसते. मी ती सकाळी घाईघाईने दाबली, ही माझीच चूक. पाणी शिरलेले यंत्र भिंतीपासून सोडवून, काही दिवस कोरडे होऊ देऊन जाणत्या माणसाला दाखवावे लागते. सुदैवाने आमची पेटी कोरडी ठणठणीत होती. मुलांनी ती वेळेवर हलविली होती. आणखी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. पुढे जे जे वर्णन केले आहे, ते वडीलधारे जाणते माणूस जवळ असतानाच, कोरड्या हातांनी आणि पायांत चप्पल घालून करावयाचे आहे. भिंतीतील वीज २३० व्होल्टांची असते आणि ती चुकीला क्षमा करीत नाही.

यानंतर नीट पाहावयाचे, की संगणक बंद आहे म्हणजे नेमके काय. ‘बंद आहे’ या दोन शब्दांत निरनिराळे आजार दडलेले असतात. एखादा संगणक अगदी निपचित असतो. त्याच्या वीजवाटेतच कोठे तरी खंड पडलेला असतो. एखाद्याचा पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो. आत कोठे तरी दोन तारा किंवा दोन भाग नको तेथे एकमेकांस भिडलेले असतात, आणि धोका ओळखून यंत्र आपण होऊन वीज तोडते. एखाद्याचा पंखा व्यवस्थित फिरतो, दिवे लागतात, परंतु पडद्यावर चित्र उमटत नाही. येथे वीज पोहोचलेली असते, पण काम अडलेले असते. वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे हे लक्षण ओळखल्याशिवाय पेचकसाला हात लावू नये.

आमचा संगणक पहिल्या प्रकारचा होता. तेव्हा आम्ही वाट धरली. भिंतीवरील ज्या सॉकेटमध्ये यूपीएसची पिन होती, त्यात मी माझ्या मोबाईलचा चार्जर लावून पाहिला. मोबाईलवर खूण उमटली. म्हणजे भिंतीपर्यंत ‘पाणी’ होते. पुढचे ठिकाण यूपीएसचे. वीज गेली असता काही मिनिटे संगणकाला वीज पुरविणारी ही पेटी. तिच्यात मोटारसायकलच्या बॅटरीच्या जातीची, शिशाची व आम्लाची बंदिस्त बॅटरी असते. यूपीएसला भिंतीतून वीज मिळत होती. पण त्याची कळ दाबली, तरी दिवा लागेना. वरच्या अंगाला पाणी, खालच्या अंगाला नाही! आमची खोड येथे होती.

ही बॅटरी साधारणतः दोनपासून चार वर्षे टिकते. आमच्या यूपीएसवर खरेदीची तारीख लिहिलेली होती. ती पाच वर्षांपूर्वीची निघाली. काही यूपीएस बॅटरी पार निकामी झाली, की भिंतीत वीज असूनही मुळीच सुरू होत नाहीत. आदल्या सायंकाळी वीज जाताच त्याने एकही शिटी न वाजविता डोळे मिटले, यातच त्याची कथा होती. त्या मुलाने मला ती सांगितलीही होती.

आम्ही यूपीएस बाजूला ठेवला आणि संगणकाची वायर सरळ भिंतीत लावली. वायरच आतून तुटलेली असेल, अशी शंका एका मुलीने काढली. शंका रास्त होती. तिचे निरसन फार सोपे आहे. मॉनिटरची वीजवायर आणि पेटीची वीजवायर बहुधा एकाच घडणीच्या असतात. त्यांची अदलाबदल करून पाहिली, म्हणजे झाले. जी वस्तू चांगली असल्याची खात्री आहे, ती संशयित वस्तूच्या जागी लावून पाहणे, ही दुरुस्ती करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. परंतु एका वेळी एकच वस्तू बदलावी. चार वस्तू एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर चौघींतील दोषी कोण, हे कायमचे गुलदस्तात राहते.

पेटीच्या पाठीमागे वायर जेथे शिरते, तेथेच एक लहानसा खटका असतो. त्यावर एका बाजूस उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूस शून्य काढलेले असते. रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. पेटी उचलताना हा खटका पुष्कळदा नकळत शून्यावर ढकलला जातो, आणि मग बाजारातून कारागीर बोलावून आणलेले लोक ओशाळतात! आमचा खटका रेघेवरच होता.

या खटक्याच्या आत संगणकाचा वीजपुरवठा करणारा भाग आहे. कारागीर त्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात. भिंतीतील वीज एका सेकंदात पन्नास वेळा मागेपुढे हेलकावे घेते. संगणकाच्या नाजूक भागांना अशी वीज चालत नाही. त्यांना एकाच दिशेने वाहणारी आणि सौम्य वीज लागते. एसएमपीएस २३० व्होल्टांची ती हेलकावणारी वीज घेतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टांचे शांत प्रवाह तयार करून निरनिराळ्या तारांनी आत सोडतो. कालव्याच्या पाण्याचा लोंढा चारीत येऊन संथ व्हावा, तसेच हे. तथापि हा भाग उघडण्याचा मोह कोणीही धरू नये. त्यातील काही पात्रांत तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाची वीज साठते आणि वायर काढल्यावरही ती काही काळ तेथे राहते. एसएमपीएस बिघडला, जळका वास आला, तर तो आख्खा बदलावयाचा.

पुढच्या अंगाला जी गोल कळ आपण दाबतो, तिच्याविषयी बहुतेकांचा गैरसमज असतो. ती दिव्याच्या बटणासारखी वीज जोडीत किंवा तोडीत नाही. संगणक बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टांची एक बारीक धार आत चालू ठेवतो. त्या धारेवर जागा असलेला मदरबोर्ड, म्हणजे सर्व भाग ज्यावर बसविलेले असतात ती मोठी हिरवी पाटी, कळीकडे कान देऊन असतो. कळ दाबली, की तो एसएमपीएसला वर्दी देतो, आणि मग सारे प्रवाह सुटतात. म्हणजे ती कळ दाबणे हे दार उघडणे नसून दाराची कडी वाजविणे होय. आत कोणी जागे नसेल, तर कडी कितीही वाजविली तरी काय उपयोग?

मी कडी वाजविली. पंखा घुरघुरला! मुलांनी टाळ्या पिटल्या. परंतु पडदा काळाच राहिला, आणि पेटीतून ‘टूं... टूं... टूं...’ असा आवाज येऊ लागला. टाळ्या थांबल्या. एक खोड काढली, की तिच्यामागे उभी असलेली दुसरी दिसू लागते, असे पुष्कळदा होते.

आता आजार बदलला होता. मॉनिटरचा दिवा पिवळा होता; म्हणजे मॉनिटरला वीज होती, पण चित्राचा संदेश येत नव्हता. चित्राची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे, याची आम्ही खात्री केली. राहता राहिला तो आवाज. वीज मिळताच संगणक प्रथम स्वतःचीच तपासणी करतो. प्रक्रियक आहे काय, स्मृती आहे काय, चित्र काढणारा भाग आहे काय, अशी हजेरी तो घेतो. कोणी गैरहजर आढळले, तर पडद्यावर लिहून सांगण्याची सोय नसल्यामुळे तो शिट्या वाजवितो. किती शिट्यांचा अर्थ काय, हे निरनिराळ्या कारखान्यांनी निरनिराळे ठरविलेले आहे. परंतु एकसारख्या वाजत राहणाऱ्या शिट्यांत स्मृतीची तक्रार वारंवार आढळते. पुष्कळ नव्या संगणकांना शिटीच नसते. त्यांच्यात मदरबोर्डावरील बारीक दिवे हेच काम करतात.

पेटी उघडणे आले. मी वायर भिंतीतून काढली आणि नंतर पुढची कळ काही क्षण दाबून धरली. त्यामुळे आत रेंगाळलेली वीज संपून जाते. मग पेटीच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावला. कोरड्या दिवसांत केसांतून कंगवा फिरविला असता तो कागदाचे कपटे ओढून घेतो, हे तुम्ही पाहिले आहे. तसलीच वीज आपल्या अंगावरही साठते. आपल्याला तिचा पत्ता नसतो, पण संगणकाच्या भागांना तिचा एक लहानसा झटकाही पुरतो. लोखंडाला हात लावला, म्हणजे ती निघून जाते.

“गुरुजी, वायर लावलेली असताना या पेटीला हात लावला, की मुंग्या येतात,” असे त्या मुलीने मध्येच सांगितले. हे ऐकून मला बरे वाटले नाही. पेटीला मुंग्या येतात, त्या अर्थी शाळेचे अर्थिंग नीट नव्हते. तीन पिनांपैकी जाड पिनेची तार जमिनीत पुरलेल्या धातूला जोडलेली असते, आणि चुकार वीज त्या वाटेने जमिनीत जाते. परंतु त्यासाठी जमीन ओलसर हवी. आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात काळी माती वाळते, तिला भेगा पडतात, आणि पुरलेल्या धातूपाशी कोरडी पोकळी होते. म्हणून जुने वायरमन त्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावयास सांगतात. हे काम पुढे वायरमनकडून करून घेतले. ते होईपर्यंत वायर लावलेल्या पेटीला कोणी हात लावावयाचा नाही, असे ठरले.

पेटीचे झाकण काढल्यावर मुलांची एकच गर्दी झाली. या साऱ्या पेटीलाच लोक ‘सीपीयू’ म्हणतात. पण खरा सीपीयू, म्हणजे प्रक्रियक, हा तिच्यातील पंख्याखाली बसलेला, बिस्किटापेक्षाही लहान असा चौकोनी तुकडा होय. आमच्या पंख्यावर आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांवर धुळीची गोधडी पसरली होती. ही धूळ निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे प्रक्रियकाची उष्णता बाहेर पडत नाही. वैशाखाच्या दुपारी तो फार तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी संगणक अचानक बंद पडतो. आम्ही पंखा बोटाने धरून मऊ कुंचल्याने धूळ झाडली. ओले फडके येथे वर्ज्य. मदरबोर्डावर लहान लहान नळकांडी असतात, त्यांचे माथेही मी पाहून घेतले. ती फुगलेली किंवा फुटलेली असती, तर मदरबोर्डच बदलावा लागला असता. ती सपाट होती.

कोपऱ्यात एक वाळलेले झुरळ निघाले, तेव्हा हशा पिकला. मी मुलांना म्हणालो, “हसू नका. या झुरळाचे घराणे फार प्रसिद्ध आहे!” अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा एक अवाढव्य संगणक ९ सप्टेंबर १९४७ रोजी अडला, तेव्हा त्याच्या एका खटक्यात सापडलेला पतंग काढून कामाच्या वहीत चिकटवून ठेवण्यात आला. त्या काळचे संगणक खोलीएवढे असत. १९४६ साली जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’मध्ये सुमारे १८,००० काचेच्या निर्वात नळ्या होत्या, आणि त्यांतील कोणती विझली, हे शोधणे हे रोजचेच काम होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बनविलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली कामास लागला, तोही अशाच नळ्यांवर चाले. तेथील तंत्रज्ञांपुढेही प्रश्न आमच्यासारखाच असे: हजारो भागांपैकी अडले कोठे?

आमचे अडले होते ते लगेच दिसले. रॅमची, म्हणजे स्मृतीची, हातभर नव्हे पण वीतभरापेक्षा थोडी लहान पट्टी आपल्या खाचेत एका बाजूने वर उचललेली होती. तिचा एका टोकाचा चाप सुटला होता. पेटी घाईने उचलून खाली ठेवताना तो सुटला असावा. मुळात तो नीट बसविलेला नसावा, असाही मला संशय आहे. मी दोन्ही चाप उघडून पट्टी काढली. तिच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते. तिच्यावर मळाची पुटे होती. मऊ पांढऱ्या खोडरबराने ते दात हलकेच पुसले, रबराचे कण झटकले, आणि पट्टीची खाच जागेच्या उंचवट्याशी जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला. ‘खट्’ असा आवाज होऊन चाप मिटले. तो आवाज ऐकला, की काम झाले असे समजावे. जोर करून बसत नसेल, तर पट्टी उलटी धरलेली असते.

झाकण लावून पुन्हा कळ दाबली. या वेळी एकच आखूड शिटी झाली आणि पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. त्यांत तारीख व वेळ चुकीची असल्याचे आणि पुढे जाण्यासाठी एफ १ ही कळ दाबण्याचे सांगितले होते. कळ दाबताच नेहमीचे चित्र आले, पण कोपऱ्यात तारीख होती ती कित्येक वर्षांपूर्वीची, १ जानेवारीची! मुलांना मोठी मौज वाटली. अर्जाचे संकेतस्थळ मात्र उघडेना. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळखपत्रे दाखविते. त्या ओळखपत्रांना मुदत असते, आणि संगणक आपल्या तारखेशी ताडून ती स्वीकारतो किंवा नाकारतो. आमच्या संगणकाच्या हिशेबी त्या पत्रांची मुदत अजून सुरूच झाली नव्हती.

संगणकाचे घड्याळ मदरबोर्डावरील रुपयाएवढ्या एका गोल सेलवर चालते. तो ३ व्होल्टांचा असतो. पेटीला भिंतीतून वीज मिळत असेल, तोवर त्याच्यावर भार पडत नाही; आणि आमच्या शाळेत भिंतीचा खटका रात्रीही चालू ठेवण्याची वाईट खोड होती. त्यामुळे तो सेल केव्हाच संपला असूनही कोणाला कळले नाही. पावसात वायरी काढल्या, त्या क्षणी घड्याळ थांबले. म्हणजे त्या सायंकाळी तीन गोष्टी उघडकीस आल्या होत्या: मेलेला यूपीएस, सैल पट्टी आणि संपलेला सेल. तिन्हींपैकी दोन कित्येक महिन्यांच्या जुन्या होत्या.

मी हे वर्गापुढे फळ्यावर आकृती काढून सांगितले. “मग पेटी हलविली नसती तर?” असे मी विचारले. “पाणी आत गेले असते,” असे मागच्या बाकावरून उत्तर आले. आठवीतला तो मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त विचारले, “गुरुजी, तो सेल कोठे मिळतो?”

तो घड्याळजीकडेही मिळतो. मी त्याला पैसे आणि जुना सेल नमुन्यासाठी दिला. तो सायकलवरून बाजारपेठेत गेला, तोवर आम्ही तारीख हाताने लावून घेतली आणि पहिला अर्ज उघडला. वीज गेली असती, तर भरलेले सारे पुसले गेले असते. म्हणून दर अर्ज लगेच साठवावा, असे ठरले. एक मुलगी नावे वाची, दुसरी शुद्धलेखन पाही. दुपारी मुलगा सेल घेऊन परतला, तेव्हा सतरा अर्ज झाले होते आणि अठरावा त्याचाच होता.